आणलेली वाळू, उपरी कोळंबी

‘किनाऱ्यावरची गावं’ हा यंदाच्या अंकाचा विषय संपादकांनी कळवला तेव्हा मी बिलक्सी मागून घेतलं. अमेरिकेच्या दक्षिणेत, मिसिसिपी राज्याच्या चिंचोळ्या किनारपट्टीवर हे पन्नासेक हजार वस्तीचं शहर आहे. न्यू ऑर्लिन्सहून पूर्वेला मोटारीने दीड तासावर. ह्यूस्टनहून फ्लोरिडाच्या किनाऱ्याकडे निघालेली मराठी कुटुंबं आय-१० महामार्गावरून याच्या डोक्यावरून जातात. क्वचित कुणी खाली उतरतं. उतरलं तर त्याला रुंद व्हरांड्यांची घरं दिसतात, ओकच्या प्रचंड झाडांवरून लोंबणाऱ्या करड्या जटा दिसतात, आणि कुणालाच कसली घाई नाही हे पहिल्या तासात लक्षात येतं. दुकानातला माणूस पैसे घेताना तुमचं गाव विचारतो. मागे रांग असली तरी विचारतो.

बिलक्सीने स्वतःला कधीकाळी जगाची मासळी-राजधानी म्हणवून घेतलं होतं. समुद्र, वाळू, ताटभर कोळंबी हे त्याचं आजचं पर्यटन. मला पाहायचं होतं ते हे सगळं चालतं कसं, आणि चालवतं कोण. ही निवांत गावं पाहुण्याला जितकी सहज वाटतात तितकी ती सहज घडलेली नसतात, असं माझं कोकणातल्या बंदरांवर हिंडून झालेलं मत आहे. बिलक्सीत ते पक्कं झालं.

समुद्राने न दिलेली पुळण

बिलक्सीपासून पश्चिमेला पास क्रिस्चनच्या पुढपर्यंत सव्वीस मैल, म्हणजे बेचाळीस किलोमीटर, पांढरी वाळू सलग पसरली आहे. तिच्या कडेने ९० क्रमांकाचा महामार्ग धावतो. सकाळी या रस्त्यावरून चालताना एक गोष्ट खटकते. वाळू इतकी पांढरी, आणि पाणी मात्र तपकिरी. लाटाही जवळपास नाहीत.

याचं उत्तर असं की ही वाळू समुद्राने आणून टाकलेली नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वादळांनी रस्ता खाल्ला म्हणून १९२०च्या दशकात पायऱ्यापायऱ्यांचा लांबलचक धूपप्रतिबंधक बंधारा बांधला. पुढच्या वादळांत बंधाराही ढासळू लागला. तेव्हा त्याच्या पायाला आधार म्हणून १९५१च्या सुमारास समोरच्या उथळ समुद्राचा तळ उपसून ती वाळू पंपाने किनाऱ्यावर ओतली. म्हणजे पर्यटक ज्याला बीच म्हणतात तो मुळात बंधाऱ्याचा भराव आहे. वारा ती वाळू रस्त्यावर नेतो, पाऊस समुद्रात नेतो, आणि जिल्हा प्रशासन यंत्रं लावून ती पुन्हा सारखी करतं. हे काम संपत नाही.

खरा, लाटांचा समुद्र पाहायचा तर फेरीबोटीने शिप आयलंडला जावं लागतं. किनाऱ्यापासून वीसेक किलोमीटरवर वाळूच्या बेटांची माळ आहे: कॅट, शिप, हॉर्न, पेटी ब्वा. त्यांच्या आणि मुख्य भूमीच्या मधल्या उथळ पाण्याला मिसिसिपी साउंड म्हणतात. नद्यांचा गाळ या साउंडमध्ये साठतो, बेटं लाटा अडवतात, म्हणून पाणी गढूळ आणि शांत. पोहणाऱ्याला ते आवडत नाही. कोळंबी, कालवं आणि खेकडे यांना मात्र हेच पाणी लागतं. गावाचं पोट त्या गढूळपणावर भरलं आहे. अंधार पडल्यावर गुडघाभर पाण्यात दिवा आणि भाला घेऊन सावकाश चालणारी माणसं इथे दिसतात. ती तळाशी चिकटून बसलेला चपटा फ्लाउंडर, आपल्या भाकसाच्या जातकुळीतला मासा, टिपत असतात.

वसंतात वाळूचे काही पट्टे दोऱ्या लावून बंद केलेले असतात. छोटे सुरय पक्षी तिथे उघड्या वाळूत अंडी घालतात. माणसाने ओतलेल्या वाळूला पाखरांनी आपलं मानलं. माणसांना मात्र ही वाळू बराच काळ सगळ्यांची मानता आली नाही.

ही वाळू सरकारी पैशातून आली होती, आणि केंद्र सरकारने पैसे देताना ती जनतेला खुली राहील अशी अट घातली होती. तरी काळ्या नागरिकांना तिथे पाऊल ठेवता येत नसे. डॉ. गिल्बर्ट मेसन हे बिलक्सीतले काळे डॉक्टर. १९५९च्या मे महिन्यात ते काही मित्रांसह आणि मुलांसह पाण्यात उतरले आणि पोलिसांनी त्यांना हाकललं. पुढच्या वर्षी २४ एप्रिलला सव्वाशेच्या आसपास माणसं त्यांच्याबरोबर वाळूत आली. त्यांच्यावर पाइप, साखळ्या, काठ्या घेऊन जमाव तुटून पडला आणि पोलीस बघत राहिले. १९६३च्या जूनमध्ये ते पुन्हा उतरले. मिसिसिपीतले नागरी हक्क चळवळीचे नेते मेडगर एव्हर्स यांची त्याआधी थोडेच दिवस हत्या झाली होती, त्यांच्या स्मरणार्थ या वेळी वाळूत काळे झेंडे रोवले गेले. सरकारी पैशाच्या त्याच अटीवर न्यायालयात लढून १९६८ साली हा किनारा सगळ्यांना खुला झाला. महाडचं चवदार तळं ज्यांच्या मनात आहे त्यांना या घटनेचं मोल वेगळं सांगायला नको. सुटीच्या दिवशी तिथे छत्र्या लावून बसलेली काळी कुटुंबं पाहताना मला मेसन यांचीच आठवण येत होती.

शिट्टी वाजली की उठायचं

गावाच्या पूर्व टोकाला पॉइंट कॅडेट. इथल्या मासेमारी संग्रहालयाची जुनी इमारत २००५च्या कतरिना वादळात गेली, नवी २०१४ साली उघडली. आत काचेमागे एक जुनी शिडाची बोट उभी आहे आणि तिच्याभोवती मजले बांधले आहेत. पण मी सर्वाधिक वेळ थांबले ती छायाचित्रांपुढे.

रेल्वे आली १८७०मध्ये. बर्फ आणि डबे आले तशी १८८१ साली इथे कालवं आणि कोळंबी डबाबंद करणारी पहिली कॅनरी निघाली. स्थानिक हात पुरेनात. मग बाल्टिमोरहून पोलिश कुटुंबं हंगामापुरती आगगाडीने आणली जाऊ लागली. ऑक्टोबरच्या सुमारास यायचं, लांबच लांब चाळींत राहायचं, हंगाम संपला की परत. प्रत्येक कॅनरीची शिट्टी वेगळ्या आवाजाची असे. आपली शिट्टी वाजली की बोट माल घेऊन आली हे ओळखायचं आणि पहाटे असो वा मध्यरात्र, बायकामुलांनी धावत जायचं. बर्फातली कोळंबी सोलताना तिच्यातल्या रसाने बोटांची सालं निघत. लुईस हाईन हा छायाचित्रकार १९११ साली इथे आला आणि कालवं फोडणाऱ्या लहान लहान मुलांचे फोटो काढून घेऊन गेला. शिंपल्यांच्या ढिगांपुढे उभी राहिलेली ती पोरं कॅमेऱ्यात बघताहेत, एकाही चेहऱ्यावर हसू नाही. अमेरिकेत बालमजुरीविरुद्धच्या कायद्यांसाठी जनमत तयार झालं त्यात अशा फोटोंचा हात मोठा होता.

पोलिशांच्या मागोमाग एड्रियाटिक किनाऱ्यावरचे क्रोएशियन आले, मग लुइझियानातले फ्रेंच बोलणारे केजन. त्यांनी बोटी बांधल्या, कारखाने काढले, आपापली मंडळं स्थापली. क्रोएशियनांचं स्लाव्होनियन लॉज आणि फ्रेंचांची फ्लर द ली सोसायटी आजही चालू आहेत. आडनावं पाटीवर वाचत गावातून फिरलं तर कोण कोणत्या लाटेबरोबर आलं हे सांगता येतं.

मच्छीमारांचं सेंट मायकल चर्चही याच टोकाला आहे. त्याचं छत शिंपल्यासारखं पन्हळीचं. १९२९पासून दरवर्षी बोटींच्या ताफ्याला आशीर्वाद देण्याचा सोहळा या गावात होतो. बोटी पताकांनी सजतात, पाद्री एका बोटीवर उभा राहतो, एकेक बोट त्याच्यासमोरून जाते आणि तो पवित्र जल शिंपडतो. त्याआधी समुद्रात बुडालेल्यांच्या नावाने फुलांचं चक्र पाण्यात सोडतात. आपली नारळी पौर्णिमा आठवल्याशिवाय राहत नाही. समुद्रावर पोट असलेली माणसं हंगामाआधी त्याला काहीतरी देतात, मग देव कुठलाही असो.

ओक स्ट्रीट

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस शेवटची मोठी लाट आली. सायगाव पडल्यावर देश सोडलेले व्हिएतनामी. इथली हवा दमट आणि उकाड्याची, धंदा ओळखीचा. आधी बायका कालवं फोडायला कारखान्यात लागल्या. पैसे साठले की नात्यातल्या चार-पाच घरांनी मिळून बोट घ्यायची किंवा बांधायची. जुन्या मच्छीमारांना हे रुचलं नाही. जवळच्या टेक्सासमध्ये तर कु क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेने १९८१ साली व्हिएतनामी मच्छीमारांना उघड धमकावलं. बिलक्सीत गोष्ट तिथवर गेली नाही, पण कुरबुरी होत्याच.

आज ओक स्ट्रीटवर व्हिएतनामी कॅथलिक चर्च आणि बौद्ध मंदिर शेजारी शेजारी आहेत. भोवती रिकामे भूखंडही बरेच. कतरिनाच्या दिवशी, २९ ऑगस्ट २००५ला, या भागात वीस फुटांहून उंच पाणी चढलं होतं. त्या काळच्या कायद्यानुसार जुगाराचे कॅसिनो जमिनीवर चालत नसत, ते तराफ्यांवर तरंगते ठेवावे लागत. उधाणाने ते अवाढव्य तराफे उचलून महामार्गापलीकडे टाकले. त्यातला एक तर वास्तुविशारद फ्रँक गेहरीने आखलेल्या, बांधकाम चालू असलेल्या कला-संग्रहालयावर जाऊन बसला. त्यानंतर कायदा बदलला आणि कॅसिनो जमिनीवर आले. मच्छीमारांची घरं मात्र सगळी परत आली नाहीत. नव्या नियमाने घर उंच खांबांवर बांधायचं, विमा भरायचा, हे अनेकांच्या आवाक्यात नव्हतं. महामार्गाच्या मधोमध १८४८चं लोखंडी दीपगृह आहे, ते टिकलं.

ओक स्ट्रीट परिसरात मी खाल्लेला पो-बॉय विसरणार नाही. पो-बॉय म्हणजे लांब पावात तळलेली कोळंबी किंवा कालवं. बिलक्सीत तो गरम तव्यात दाबून देतात, कवच कुरकुरीत होतं. फ्रेंचांनी व्हिएतनामला पाव शिकवला, आणि तो पाव भाजणारे हात मिसिसिपीत येऊन फ्रेंच वसाहतीच्या जुन्या गावातला पो-बॉय भरू लागले. आत कोथिंबीर, गाजराचं लोणचं, हिरवी मिरची. मराठी जिभेला हा पदार्थ पहिल्या घासात आपला वाटतो. गंबो या दाट कालवणातही आपली भेंडी भेटते. ती आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांबरोबर इथे आली. आणि आपल्याकडे खाडीत मिळणारी बोय इथे इतकी खाल्ली जाते की तिचं स्थानिक नावच ‘बिलक्सीचं बेकन’ आहे.

अडुसष्टचा हिशेब

बंदरावर सकाळी लवकर जावं. बोटी धक्क्याला लागलेल्या असतात आणि काहींच्या कठड्याला हाताने रंगवलेली पाटी टांगलेली असते: कोळंबी, आकार, पाउंडाचा भाव. गिऱ्हाईक घरून बर्फपेटी घेऊन येतं. लिलाव नाही, दलाल नाही. मी पाहिलेल्या एका बोटीवर नवरा बर्फातून कोळंबी उपसत होता आणि बायको तराजू सांभाळत होती. दोघंही साठीच्या पुढचे. कोळंबी डोक्यासकट, मिशा शाबूत. मुलगा काय करतो विचारल्यावर त्या बाई म्हणाल्या, तो किनाऱ्यापासून लांब, ऑफिसात नोकरी करतो, आणि ते बरंच आहे.

मिसिसिपीच्या पाण्यात कोळंबीचा हंगाम ठरतो तो मापावर. एका पाउंडात अडुसष्ट कोळंब्या बसल्या पाहिजेत. त्याहून जास्त बसत असतील तर ती अजून लहान आहे, हंगाम उघडायचा नाही. राज्याच्या सागरी संपदा विभागाची माणसं वसंतात जाळी टाकून नमुने घेतात, मोजतात, आणि सहसा मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला तारीख जाहीर होते. यामागे कोळंबीचं आयुष्य आहे. ती खोल आखातात अंडी घालते. डोळ्यांना दिसणार नाहीत इतकी पिल्लं भरतीबरोबर खाजणांत शिरतात, तिथल्या गवतात वाढतात आणि मोठी होताना पुन्हा समुद्राकडे निघतात. सगळं मिळून वर्ष-दीड वर्षाचं आयुष्य. उन्हाळ्यात तपकिरी कोळंबी, शरदात पांढरी. खाजण भराव घालून बुजवलं तर कोळंबी येत नाही, इतकं साधं हे गणित आहे.

कालवांचं गणित २०१९ साली मोडलं. मिसिसिपी नदीला मोठा पूर आला आणि न्यू ऑर्लिन्स वाचवायला वरच्या अंगाचा बॉने कॅरे सांडवा त्या वर्षी दोनदा उघडावा लागला, एकूण एकशे तेवीस दिवस. सगळं गोडं पाणी साउंडमध्ये आलं. कालव जागचं हलू शकत नाही. राज्याच्या खडपांवरची नव्वद टक्क्यांहून अधिक कालवं मेली. दूरच्या शहराला वाचवण्याची किंमत बिलक्सीच्या मच्छीमाराने दिली, आणि ते ठरवताना त्याला विचारलं नव्हतं, हा राग तिथे अजून ऐकू येतो. मला तो रास्त वाटतो.

ताटातली कोळंबी कुठली?

बंदरापासून चार पावलांवरच्या हॉटेलात बसून कोळंबी मागवली तर ती समोरच्याच बोटीतली असेल असं पाहुणा धरून चालतो. भिंतीवर जाळी टांगलेली, खिडकीतून डोलकाठ्या दिसताहेत. पण अमेरिकेत खाल्ल्या जाणाऱ्या कोळंबीतली नव्वद टक्क्यांहून अधिक आयात होते, आणि सर्वात मोठा पुरवठादार आपला देश आहे.

ती कोळंबी म्हणजे मुख्यतः आंध्रच्या तळ्यांत वाढवलेली व्हन्नामेई. ही जात मुळात लॅटिन अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची. भारतात तिच्या शेतीला २००९ साली परवानगी मिळाली. रोगमुक्त जनक कोळंबी हवाई-फ्लोरिडातून विमानाने चेन्नईच्या विलगीकरण केंद्रात येते, तिची पिल्लं आंध्रात वाढतात, सोलून गोठवून जहाजाने अमेरिकेला परत जातात. हे सगळं करूनही ती बिलक्सीच्या बोटीवरल्या कोळंबीपेक्षा स्वस्त पडते. डिझेलचा खर्च वाढतोय आणि धक्क्यावरचा भाव पडतोय. साठीच्या त्या बाईंचा मुलगा बोटीवर का नाही, याचं उत्तर यात आहे. ऑगस्ट २०२५मध्ये भारतीय मालावर पन्नास टक्के आयातशुल्क लागलं तेव्हा आंध्रच्या शेतकऱ्याच्या पोटात गोळा आला आणि आखातातल्या मच्छीमारांच्या संघटनांना आनंद झाला. दोन्ही बाजूंना बोटावर मोजण्याइतक्या एकरांची किंवा एका बोटीची मालकी असलेली माणसं आहेत. यातला एक शत्रू आहे असं मला म्हणवत नाही.

चूक आहे ती लपवण्यात. २०२४ साली बिलक्सीतल्या एका नामांकित जुन्या रेस्टॉरंटने न्यायालयात गुन्हा कबूल केला: वर्षानुवर्षं परदेशी गोठवलेली मासळी आखातातली ताजी म्हणून विकली. माल पुरवणारा घाऊक व्यापारीही दोषी ठरला. त्याच सुमारास मच्छीमार संघटनांनी हॉटेलांतल्या कोळंबीच्या जनुकीय चाचण्या करून घेतल्या, तेव्हा परदेशी माल ‘आखाती’ नावाने खपतोय हे दिसलं. मग राज्याने कायदा केला. जुलै २०२५पासून मिसिसिपीतल्या हॉटेलांना मासळी देशी की आयात हे मेनूवर सांगावं लागतं. कायदा योग्य आहे. आंध्रची कोळंबी आंध्रची म्हणून विकली गेली तर त्यात आपल्या शेतकऱ्याचाही मानच आहे.

कासवाची वाट

बिलक्सीच्या पूर्वेला पॅस्कागूला. तिथल्या केंद्र सरकारच्या मत्स्य प्रयोगशाळेत ‘टेड’ या साधनावर दशकानुदशकं काम झालं आहे. ट्रॉलच्या जाळ्यात तिरकी बसवलेली ही धातूची जाळी. गजांमधलं अंतर जेमतेम दहा सेंटिमीटर. कोळंबी गजांमधून मागे जाते, कासव गजांवर आपटून वरच्या झडपेतून बाहेर पडतं. नाहीतर ते जाळ्यात अडकून गुदमरतं, कारण कासवाला श्वासासाठी वर यावं लागतं. अमेरिकेतल्या ट्रॉलरना हे साधन ऐंशीच्या दशकाच्या शेवटी सक्तीचं झालं. मच्छीमारांनी कडाडून विरोध केला, कोळंबी निसटते म्हणाले, बोटी आडव्या लावून बंदरं रोखली. आज केम्प्स रिडले ही आखातातली दुर्मीळ कासवं टिकून आहेत त्यात या साधनाचा वाटा आहे.

बिलक्सीशी आपलं खरं नातं इथे जुळतं. ज्या देशाचे ट्रॉलर टेड लावत नाहीत त्यांची समुद्रात पकडलेली कोळंबी अमेरिका घेत नाही. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड यावर जागतिक व्यापार संघटनेत भांडले, १९९८ साली निकालही लागला, पण अट राहिली. याच अटीमुळे २०१९पासून भारताची समुद्री कोळंबी अमेरिकेत बंद आहे. तळ्यातली जाते. ससून डॉकवर, मिरकरवाड्यात, मालवणला उतरणाऱ्या कोळंबीला तो बाजार नाही. खरं तर केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आपल्या जाळ्यांना जुळेल असं टेड बनवलं आहे.

केम्प्स रिडलेची सख्खी बहीण म्हणावी अशी ऑलिव्ह रिडले आपल्या किनाऱ्यावर येते. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने २००२पासून वेळासच्या ग्रामस्थांना सोबत घेऊन तिची घरटी राखली, पिल्लं समुद्रात सोडली, त्याचा महोत्सव झाला. पुळणीवर आपण इतकं करतो आणि पाण्यात तीच कासवं जाळ्यात गुदमरू देतो. मत्स्यव्यवसाय खात्याने, मच्छीमार सोसायट्यांनी आणि ट्रॉलरमालकांनी एकत्र बसून टेड बसवायला घ्यावं. बिलक्सीच्या मच्छीमारांनी ते नाखुशीने का होईना, तीस वर्षांहून अधिक काळ ओढलं आहे आणि त्यांच्या बर्फपेट्यांत कोळंबी आजही येते.